शाल-नारळ परत घ्या, काम द्या!



दर एप्रिलात आपल्या वस्त्यांवर एक ठरलेला कार्यक्रम होतो. स्टेज बांधतात, बॅनर लागतो. पुढाऱ्याची वाट बघून लोक कंटाळले की सूत्रसंचालक म्हणतो, आता ज्येष्ठांचा सत्कार. मग वस्तीतले चार-पाच म्हातारे हाताला धरून वर आणतात. शाल, नारळ, फोटो. एखाद्या अपंग पोराला तीनचाकी सायकल द्यायची असली तर तीही त्याच वेळी, कारण फोटोवाला एकदाच येतो. पाच मिनिटांत सगळं उरकतं. म्हातारे खाली, माईक परत पंचविशीतल्या पोरांच्या हातात. त्यानंतर वर्षभर त्या म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तहसीलवर मोर्चा न्यायचाय, तुमचं मत काय?

मी म्हणतो, ही शाल परत घ्या. तो नारळ फोडून वाटून खा. आणि त्या माणसाला काम द्या. असं काम, की तो आला नाही तर कार्यक्रम अडेल. असं काम, की लोक त्याच्या दारात येऊन उभे राहतील आणि म्हणतील, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही.

माणूस भाकरीवर जगतो हे खरंय. पण नुसत्या भाकरीवर जगत नाही. समाजात त्याची जागा काय, त्याच्यावर कोण विसंबून आहे, यावर जगतो. ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. हजारो वर्षं आपण हेच भोगलंय. गावगाड्यात महाराला भाकर मिळत होती की! बलुतं होतं, वतन होतं. मेलेलं ढोर ओढ, मयताची खबर चार गावं पोचव, वेशीत बसून राखण कर, आणि संध्याकाळी दारोदार हाक मारून भाकर माग. मग बाबासाहेबांनी ही कामं टाकायला का सांगितली? कारण गावाने आपल्याला जी भूमिका दिली होती, तीच आपली बेडी होती. तीच भूमिका बघून पोर जन्मायच्या आधीच गाव ठरवत होतं, की हा ओढणारा, हा मागणारा.

मुंबईच्या कापड गिरण्यांत तेच झालं. विणकाम खात्यात पगार चांगला. पण तिथे आपल्या माणसाला साचा मिळायचा नाही. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि आपल्या थुंकीने शेजारचा कामगार बाटायचा! लाल बावटा खांद्यावर घेतलेला कामगारसुद्धा बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी मागितली ती दया नव्हती. त्यांनी साच्यावरची जागा मागितली.

आता हाच न्याय आपल्या घरातल्या म्हाताऱ्या आईला लावा. कोपऱ्यातल्या पोलिओ झालेल्या भावाला लावा. ऐकू न येणाऱ्या बहिणीला लावा. आपण त्यांना काय देतो? भाकर देतो. आणि भूमिका कोणती देतो? 'तुमी बसा निवांत.' निवांत बस म्हणजे वाटेतून सर. गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवलं. आपण आपल्या माणसाला चळवळीच्या वेशीबाहेर ठेवतो, आणि वर हार घालतो.

हे आलं कुठून ते बघा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटणीचे नियम आहेत. त्यात जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, इंद्रिय गेलेला, या सगळ्यांना बापाच्या वाटणीतून बाद केलंय. त्यांना पोटाला घालावं, वाटा देऊ नये. अकराव्या अध्यायात तर सांगून टाकलंय, की व्यंग हे मागल्या जन्मीच्या पापाचं फळ. आपला जन्मही पापाचंच फळ होता ना? मग एकच भट्टी, एकच कोळसा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी पोथी जाळली, तिच्यात आपल्या जातीची पानं होती तशी या माणसांचीही होती. ती पानंही त्याच दिवशी जळाली असं आपण धरून चाललोय. जळाली असती तर आपल्या घरात 'पोटाला घाला, वाटा देऊ नका' हा नियम अजून चालला असता का?

पुराणं बघा. कुबडी मंथरा घर फोडणारी. आंधळा धृतराष्ट्र राज्यावरून बाद. आणि श्रावणबाळ! आंधळे आईबाप कावडीत बसलेले, पोराच्या खांद्यावर ओझं. गोष्ट पोराची, कीर्ती पोराची. आईबाप नुसते वाहून न्यायचे. महाराष्ट्र सरकारने म्हाताऱ्यांच्या पेन्शन योजनेला नेमकं हेच नाव दिलंय. नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात म्हातारा माणूस म्हणजे कावडीतलं ओझं, हे त्या नावावरूनच कळतं.

आणि आपण तरी काय करतो? मोर्चात ओरडतो, आंधळं सरकार, बहिरं सरकार! लेख लिहितो, लोकशाही लंगडी झाली. अरे, सरकार आंधळं असतं तर बरं होतं. आंधळा माणूस चाचपून तरी वाट शोधतो. सरकारला लख्ख दिसतं. बघून, मोजून, ठरवून ते करतं. त्याला आंधळं म्हणणं म्हणजे त्याचा गुन्हा माफ करणं, आणि ज्याच्या डोळ्यांत खरोखर उजेड नाही त्या आपल्या माणसाला फुकटची शिवी देणं. 'महारडा' हा शब्द शिवी म्हणून वापरला की आपलं रक्त उसळतं. मग 'लंगडा' हा शब्द आपल्या घोषणेत शिवी म्हणून कसा चालतो?

उलट बाजूला गोड शब्द आहेत. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सांगितलं, यांना 'दिव्यांग' म्हणा. पुढे खात्यांच्या पाट्या बदलल्या. दिव्य अंग! हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. गांधींनी आपल्याला 'हरिजन' म्हटलं होतं. हरीची लेकरं, पण विहिरीवर यायचं नाही. १९३८ च्या जानेवारीत हाच शब्द कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार मुंबईच्या असेंब्लीतून उठून बाहेर पडले. गोड नावाखाली विहीर तशीच बंद राहते, हे त्यांना ठाऊक होतं. दिव्यांग म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, तुझ्या ऑफिसात जायला पायऱ्या किती?

आता पैशाचं बोलू. कुणी म्हणेल, पेन्शन तर मिळते. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे १००० रुपयांचे १५०० झाले २०२३ साली. अपंगांचे २५०० झाले २०२५ साली. केंद्र सरकारचा वाटा ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यामागे २००७ साली २०० रुपये होता, तो २०२४ सालीही २००च होता. सतरा वर्षांत तेल, डाळ, औषध, एसटीचं तिकीट, सगळं वाढलं. दिल्लीच्या लेखी म्हातारीची भूक वाढली नाही. हा पैसा भीक नाही, हक्क आहे. त्यासाठी तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटलाच पाहिजे.

पण बाबासाहेबांच्या घटनेचं ४१वं कलम काढून वाचा. म्हातारपण, आजार, अपंगत्व, बेकारी यांच्यासाठी राज्याने काय करावं ते तिथे आहे. त्यात आधी काय लिहिलंय? कामाचा हक्क. मग शिक्षणाचा हक्क. आणि मग सरकारी मदत. काम आधी, मदत मागून. आपण फक्त शेवटचा शब्द धरून बसलोय. २०१६ चा अपंग हक्क कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मानतो, सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा देतो. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो कायदा वाचलाय? आरक्षण म्हटलं की आपण छाती काढतो, पण या आरक्षणाचा बॅकलॉग किती, हे विचारायला कुणी जात नाही.

मी मशीनवर काम करणारा माणूस. 'निकामी' हा शब्द कुठून येतो ते मला रोज दिसतं. मालकाच्या वहीतून येतो. इंग्रजांच्या काळात, १९२३ साली, कामगार भरपाईचा कायदा झाला. त्याला जोडलेलं एक कोष्टक आहे. हाताचा अंगठा गेला तर कमाईची ताकद गेली ३० टक्के. एक डोळा गेला, दुसरा शाबूत, ४० टक्के. एका हाताची चार बोटं, ५० टक्के. दोन्ही हात, १००. कायद्यांची नावं बदलली, कोष्टक चालत आलं. भरपाईसाठी हिशोब लागतो, मान्य. पण कोष्टकात फक्त गेलेलं मोजतात. उरलेलं कोण मोजतो? अंगठा गेलेल्या कामगाराच्या डोक्यात वीस वर्षांची मशीन आहे. आवाजावरून तो सांगतो कुठली बेअरिंग जाणार. त्याला नव्या पोरांना शिकवायला ठेवतात का? गेटबाहेर काढतात. एकलव्याचा अंगठा गुरूने घेतला. मालकाने त्याची किंमत ठरवली, ३० टक्के. आणि उरलेला अख्खा एकलव्य कुणी विचारला नाही, ना त्याने, ना याने.

शिवाय हे अपंगत्व आकाशातून पडत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. सगळ्या लोकसंख्येत शंभरी २.२१. अनुसूचित जातींत शंभरी २.४५. हा फरक कुठल्या पापाचा? गटारात उतरायचं कुणी, कापसाच्या धुळीत फुप्फुस भरायचं कुणी, उसाच्या फडात आणि वीटभट्टीवर कंबर मोडायची कुणी, हे ठरलेलं आहे. म्हातारपणसुद्धा जात बघून येतं. बंगल्यातला माणूस सत्तरीत सकाळी फिरायला जातो. आपला माणूस पंचावन्नाव्या वर्षी भिंत धरून उठतो. म्हणून अपंगांचा आणि म्हाताऱ्यांचा प्रश्न आपल्या चळवळीच्या बाहेरचा नाही. जातीने अंगावर काढलेला तो वळ आहे.

आता तुमचा आक्षेप. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. 'चळवळीला वेग पायजे. म्हाताऱ्या-पांगळ्यांना सोबत घेऊन लढाई व्हायची नाय.'

बरं. मग हिशोब करू. १८८८ साली जोतिबांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. तुमच्या मापाने त्यांना शाल घालून घरी बसवायला हवं होतं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई ६६ वर्षांच्या होत्या. रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. त्यांनाही 'तुमी बसा निवांत' म्हणायला हवं होतं. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बाबासाहेब ६५ वर्षांचे, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने पोखरलेले, हातात काठी, चालताना दुसऱ्याचा आधार. त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी ऐंशीच्या घरातले. एक म्हातारा भिक्खू आणि एक आजारी माणूस, या दोघांनी त्या दिवशी लाखो माणसांचा जन्म बदलला. त्यानंतरही बाबासाहेब शेवटच्या रात्रीपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचंच काम करत होते.

म्हणाल, ती थोर माणसं. हो. पण नीट बघा, तिथे काय घडलं. हात गेला म्हणून जोतिबांचं काम कुणी काढून घेतलं नाही. बाबासाहेबांना कुणी खांदा दिला, तो स्टेजवरून उतरवायला नव्हे, चढवायला दिला. आधार आणि काम, दोन्ही सोबत मिळालं. आपण एक देतो, दुसरं काढून घेतो.

अजून एक पुरावा देतो, तो सरकारचाच. फादर स्टॅन स्वामी, वय ८३. पार्किन्सनने हात थरथरत, पाण्याचा पेला धरता येत नव्हता. २०२० च्या ऑक्टोबरात त्यांना अटक झाली. पाणी प्यायला नळी आणि भांडं मिळावं म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. प्राध्यापक साईबाबा, लहानपणी पोलिओ, चाकाच्या खुर्चीवर. वर्षानुवर्षं नागपूरच्या जेलात. ५ मार्च २०२४ ला हायकोर्टाने निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते गेले. थरथरत्या हातांची आणि न चालणाऱ्या पायांची किंमत सत्तेला कळते. ती घाबरते त्यांना. आणि आपण म्हणतो, हे काय उपयोगाचे!

दुसरा आक्षेप याच्या उलट येतो. 'आपले पुढारी म्हातारे झाले तरी खुर्ची सोडत नाहीत, आणि तू अजून म्हाताऱ्यांना जागा दे म्हणतोस?' खुर्ची आणि काम यांची गल्लत करू नका. पक्षाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला मी जागा मागत नाही. त्याला उठवाच. मी मागतो ती वस्तीतल्या त्या बाईसाठी, जिने नामांतरात लाठी खाल्ली. १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि १९९४ ला विद्यापीठाचं नाव बदललं, त्या सोळा वर्षांत जिने घर जळताना बघितलं. १९७२ साली वीस वर्षांचा असलेला पँथर आज सत्तरीच्या पुढे गेलाय. त्याला कुणी विचारतं का? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायांना भेटल्या, त्यांना बोलतं केलं, तेव्हा १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. त्या गेल्या नसत्या तर तो इतिहास त्या बायांबरोबर सरणावर गेला असता. आणि आपल्या वस्तीतला इतिहास? तो रोज जातोय.

धम्माकडून तरी शिकू. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याची दीक्षा मुद्दाम सांगितली आहे. थेरींमध्ये सोणा आहे. दहा लेकरांची आई, म्हातारपणी लेकरांनी टाकलेली. ती संघात आली आणि उद्योगात, वीर्यात, सगळ्या भिक्खुणींत पहिली ठरली. पोरांनी जिला ओझं म्हटलं, तिला संघाने जागा दिली. त्याच विनयात हात-पाय तुटलेल्यांना, आंधळ्या-बहिऱ्यांना प्रव्रज्या देऊ नये असाही नियम आहे. तो झाकून ठेवायचं कारण नाही. चार दृश्यं बघून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट बाबासाहेबांनी तपासली आणि पटत नाही म्हणून टाकली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने म्हातारा कधी बघितलाच नव्हता, हे कसं शक्य आहे, असं त्यांनी विचारलं. तसंच आपणही तपासू. जे माणसाला जागा देतं ते घेऊ, जे दार लावतं ते सोडू.

मग करायचं काय? भाषण पुरे. कामं सांगतो.

एक. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा कुठल्या गावचे, शाळेच्या दाखल्यावर नाव काय लागलं होतं, कोतवाल बुकात नोंद कुणाची, हे वस्तीत कुणाला ठाऊक? म्हाताऱ्यांना. पोरांचे अर्ज अडतात आणि म्हातारे पारावर बसून असतात. दोघांना एका टेबलावर बसवा. टेबलावर नावाची पाटी म्हाताऱ्याची लावा.

दोन. संघटनेचा हिशोब, पत्रव्यवहार, फोन, हजेरी, ही कामं बसून होतात. चालता न येणाऱ्या भावाला खजिनदार करा, सचिव करा. 'अपंग सेल'चा अध्यक्ष करून बाजूला काढू नका. तो नवा महारवाडाच झाला.

तीन. मीटिंग तिसऱ्या मजल्यावर घेऊ नका. विहाराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा. संगमरवराला वर्गणी जमते, चार पाट्या सिमेंटला जमत नाही? आणि ऐकू न येणारं कुणी असेल तर दोघा कार्यकर्त्यांनी खुणांची भाषा शिकावी. आपण इंग्रजी शिकलोच ना साहेबाशी भांडायला?

चार. घरातल्या म्हाताऱ्याचं सगळं करते कोण? बायको, सून, बहीण. ती आधीच चार घरची भांडी घासून आलेली असते. तिला 'सेवा कर' म्हणून उपदेश करू नका. कार्यकर्ता म्हणवणाऱ्या गड्याने आधी आईचं अंथरूण स्वतः धुवावं, मग क्रांतीवर बोलावं.

पाच. काम दिलं की सोबत अधिकारही द्या. मत मागा, मत चुकीचं वाटलं तर भांडा. म्हाताऱ्याशी भांडणं हा त्याचा मान आहे. मान डोलावून पुढे जाणं हा अपमान. आणि बोलावलंत तर एसटीचं भाडं द्या. पुढाऱ्याच्या गाडीत डिझेल घालता ना?

दोस्तहो, माणसाची किंमत जन्मावर ठरू नये म्हणून आपण लढतो. ती धडधाकट अंगावर ठरू लागली तर जातीच्या जागी आपण दुसरी उतरंड रचली, एवढंच होईल. आणि त्या उतरंडीत आज वर उभा असलेला प्रत्येक जण उद्या खाली जाणार आहे, कारण म्हातारपणाला आरक्षण नाही, ते सगळ्यांना येतं. फक्त आपल्या लोकांना लवकर येतं.

पुढच्या जयंतीची वर्गणी काढायला निघाल तेव्हा शालींचं बिल आधी खोडा. त्या पैशात विहाराचा उतार बांधा. आणि उताराचं काम नीट झालं की नाही, ते तपासायला काठी टेकत येणाऱ्या माणसालाच नेमा. तो पास करेल तेव्हाच गवंड्याचे पैसे द्या.

जयभीम!